होटगीला थांबणारं इंजिन

साखर पेठ, सोलापूर
१७ जानेवारी १९७४

चि. कमलाकर,

संक्रांतीचे आशीर्वाद घे आणि सोबत थोडी बोलणीही खा.

तुझे ते पुण्याचे मित्र खोकं घेऊन आले. मला वाटलं, स्वेटर असेल. उघडते तो आत आगगाडी! अरे, ज्या माणसानं सगळी नोकरी होटगी ते विजापूर इंजिन हाकण्यात काढली, त्याला म्हातारपणी कुणी खेळण्यातलं इंजिन पाठवतं का? उद्या मला भातुकली पाठवशील.

तरी आलंय म्हणून मांडलं. शेजारच्या बसव्वाचा नवरा ईश्वरप्पा वायरमन आहे, त्यानं यांच्या पलंगाला लागून दोन टेबलं जोडली, रूळ गोल बसवले, खोक्यातलं ते कौलारू स्टेशन ठेवलं आणि बटणाची डबी यांच्या उशाशी आणून ठेवली. बटण फिरवलं आणि इंजिनाच्या कपाळावर ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा लागला. मग त्या चाकांच्या दांड्या वरखाली व्हायला लागल्या. कमलाकर, चाक माझ्या बोटाच्या पेराएवढं, पण त्यातलं काही खोटं नाही रे. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा यांचं इंजिन पहिल्यांदा जवळून पाहिलं होतं. तेव्हा अंगावर आला होता तोच काटा आता या वीतभर इंजिनानं आला. बसव्वानं तर हातच जोडले. मी हसले तिला, पण माझेही हात जोडले गेले होते.

आता गाऱ्हाणं. थोडे दिवस छान धावलं आणि मग अडखळायला लागलं. बोट लावलं की हातभर जातं आणि पुन्हा उभं राहतं. तुझ्या जर्मन मालाचं एवढंच आयुष्य असेल तर तसं कळव.

यांचं बरं आहे. थंडीनं जरा अशक्तपणा आहे, म्हणून पत्र मीच लिहिते. गाडी पाहून काय म्हणाले, असं विचारशील. काहीच म्हणाले नाहीत. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

तुझी आई

*

न्यूरेंबर्ग
२ फेब्रुवारी १९७४

ती. आईस नमस्कार.

बोलणी पोचली. गोड लागली.

इंजिन बिघडलेलं नाही, ते उपाशी आहे. वीज रुळांतून चाकांत आणि चाकांतून पोटातल्या मोटारीत जाते. रुळावर धूळ किंवा ओशटपणा बसला की तिची वाट बंद होते. तुमच्या पेठेत घरोघरी माग, चादरींचा कापूस हवेत उडतो. तो चाकांच्या आसांभोवती नक्की गुंडाळला असणार. इंजिन उलटं करून चिमट्यानं तो काढ. सुती फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन रूळ पूस, चाकंही पूस. संध्याकाळी सगळे माग चालू असताना वीज मंदावते, तेव्हा चालवू नका. आणि आसांना मशीनचं तेल दे, सुईच्या टोकावर येईल तेवढं, एकच थेंब. इतकं केलंस की ते वर्षानुवर्षं धावेल.

हे मी का घेतलं ते सांगतो. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलो होतो, बर्फ पडत होतं. एका दुकानाच्या काचेत हे काळं, ठेंगणं इंजिन फिरत होतं. नानांच्या इंजिनासारखं हुबेहूब नाही, पण वळणावर जरा दबून जायची ढब तीच. मी तिथंच उभा राहिलो, जेवायचं राहून गेलं. एवढंसं यंत्र माणसाला कुठून कुठं नेऊन ठेवतं, याचं मला अजून नवल वाटतं.

नानांना म्हणावं, दोन ओळी तरी लिहा. त्यांचं अक्षर पाहून फार दिवस झाले.

कमलाकर

*

सोलापूर
३ मार्च १९७४

चि. कमलाकर,

आधी हे पत्र बसून वाच.

तू सांगितलंस तसं केलं. फडकं रुळावरून फिरवलं तर कोळशासारखं काळं निघालं, आणि दिसायला रूळ स्वच्छच होते! आसांभोवती कापसाचे वेढे होते, बसव्वाच्या चिमट्यानं ते काढले. इंजिन असं पळालं की मी चहा गॅलरीत विसरले. तेल दिलं. दोन दिवसांनी मात्र ते जड चालू लागलं आणि आता तर चाक बोटानंही हलत नाही.

खेळणं बंद पडलं तर मी एवढी का घाबरले, ते आता सांगायलाच हवं. गणपतीत यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून एक शब्द बोललेले नाहीत. तुला कळवलं नाही, कारण कळवायला घेतलं तेव्हा यांनीच मला अडवलं, हातानं नव्हे, डोळ्यांनी. तुझा दिवाळीचा फोटो आला, तो त्यांच्या समोर ठेवला. त्यांनी डाव्या हातानं तो उपडा केला. मी काय ते समजले. ज्या मुलानं बापाला इंजिनाच्या दारात ताठ उभं पाहिलं, त्यानं आता हे पाहू नये, असं त्यांच्या मनात आहे.

तू गाडी पाठवलीस आणि मला तुझा राग आला होता. पण ती पहिल्यांदा फिरली तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. चाकांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. दुसऱ्या दिवशी उठून बसले, उशीला टेकून का होईना. तिसऱ्या दिवशी डावा हात बटणावर ठेवला. डॉक्टरांना जे इतक्या महिन्यांत जमलं नाही ते त्या वीतभर इंजिनानं केलं, आणि मी दारात पदर तोंडाशी धरून नुसती बघत राहिले. आता ते बंद पडलंय आणि यांनी परत भिंतीकडे तोंड केलंय.

म्हणून विचारते, ते चालू कसं करू? आणि तू येऊ नकोस. त्यांनी आपणहून तुझा फोटो सुलटा करेपर्यंत नको.

आई

*

न्यूरेंबर्ग
१४ मार्च १९७४

आई,

पत्र वाचलं आणि पहिल्यांदा विमानाच्या ऑफिसात गेलो. दारातून परत आलो. नानांनी फोटो उपडा केला, ते वाक्य पाय पुढे टाकू देईना.

मग हे एकच माझ्या हातात उरलं आहे तर ते तरी नीट करू. चाक बोटानं हलत नाही म्हणजे आत काहीतरी चिकटलंय. तू कोणतं तेल घातलंस ते मला सांग.

इंजिन उघडावं लागेल. भिऊ नकोस. खाली पांढरं धोतर अंथर, म्हणजे पडलेलं दिसेल. पोटाखाली एकच स्क्रू आहे, तो काढलास की वरचं कवच टोपीसारखं निघतं. आत दोन इवल्या स्प्रिंगा आहेत. त्या काढताना वर बोट धर, नाहीतर उडतील. दातेरी चाकं ईश्वरप्पाकडून पांढरं पेट्रोल आणून सुईला गुंडाळलेल्या कापसानं पूस. पेट्रोल वापरताना स्टोव्ह बंद ठेव.

आई, तू आजवर साधं कुलूपही उघडून दुरुस्त केलेलं नाहीस. मी हे तुला कसं सांगतोय, मलाच कळत नाही.

नाना जेवतात ना?

कमलाकर

*

सोलापूर
९ एप्रिल १९७४

चि. कमलाकर,

जेवतात. आणि इंजिन चालतंय!

तेल कोणतं, म्हणून विचारलंस. तू लिहिलं होतंस, मशीनचं तेल. आपल्याकडे तेल दोनच, एक घाण्याचं आणि एक मशीनचं, म्हणजे तेलाच्या मिलमधलं. मी म्हटलं, मुलगा एवढा शिकलेला, त्याला घाण्याचं चालणार नाही, मशीनचंच हवं. म्हणून मिलमधून करडईचं ताजं तेल आणलं आणि घातलं. एक थेंब म्हणाला होतास, मी आईच्या मायेनं चार घातले. करडई वाळली की कशी चिकटते ते पत्र्याच्या डब्याच्या काठाला रोज बघते, पण इंजिनाच्या बाबतीत ते डोक्यात आलं नाही. बसव्वाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "फोडणी तेवढी द्यायची ऱ्हायली की, वैनी." तेव्हा हसणं आवरेना. घरात हसल्याचा आवाज फार दिवसांनी झाला. यांनीही मान वळवून पाहिलं.

मग सगळं उघडलं. यांचंच धोतर अंथरलं आणि यांच्याच समोर बसले. कमलाकर, कवच निघालं आणि मी बराच वेळ हातच लावू शकले नाही. माणसाच्या पोटात काय असतं ते देवानं झाकून ठेवलंय, ते बरंच केलंय. इथं मात्र सगळं उघडं, तांब्याच्या केसासारख्या तारा, एकात एक अडकलेले दाते, आणि एक चाक फिरलं की पलीकडचं फिरायलाच हवं. कुणीतरी माणसानंच हे इतकं बारीक, इतकं खरं करून ठेवलंय. त्याचं नाव माहीत नाही, पण त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. एक स्प्रिंग उडाली, ती यांच्या शालीवर पडली. यांनी डाव्या हाताची बोटं हळूच तिच्यावर ठेवली आणि मी येईपर्यंत तशीच दाबून धरली. तेवढ्यानं मला रडू आलं.

बसव्वाच्या शिलाईच्या मशीनचं तेल आणलं आणि या वेळी खरंच एक थेंब दिला. आता हे रोज सकाळी उठून बसतात आणि बटण हातात घेतात. यांना बरं वाटावं म्हणून मी त्या जर्मन स्टेशनावर कागद चिकटवून "होटगी" लिहिलं. ईश्वरप्पानं खाली कानडीतही लिहून दिलं, म्हणजे अगदी खऱ्या पाटीसारखं.

पण एक नवीनच दुखणं निघालं. इंजिन बाकी सगळीकडे पळतं आणि त्या स्टेशनासमोर येऊन थांबतं. प्रत्येक फेरीला तिथंच. मी उचलून पुढे ठेवलं की जरा वेळानं चालू लागतं, पण उचललं की हे माझ्याकडे रागानं बघतात. इंजिन बंद पडतं त्याचा राग असणार. त्या जागेवर काय झालंय ते कळव.

उजव्या हातात डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिलाय. त्याच्याकडे ते बघतसुद्धा नाहीत.

आई

*

न्यूरेंबर्ग
२२ एप्रिल १९७४

ती. आईस नमस्कार.

करडईचं वाचून मी ऑफिसात एकटाच हसलो. चूक माझी. इतकी वर्षं बाहेर राहून मी आपल्याकडे मशीनचं तेल कशाला म्हणतात हे विसरलो. आणि तू इंजिन उघडलंस! इथले लोक ते काम कारागिराकडे देतात. मी सगळ्यांना सांगतो आहे, माझ्या आईनं ते नानांच्या धोतरावर उघडलं.

एकाच जागी थांबतं याचा अर्थ तिथं वीज पोचत नाही. दोन रुळांच्या मधला सांधा सैल झाला असेल, तो पक्कडीनं हलकेच दाब. त्यानं गेलं नाही तर तिथले रूळ काढून दुसरीकडचे तिथं लाव. बिघाड रुळात असेल तर तो रुळाबरोबर दुसरीकडे जाईल. मग मी इथून नवे रूळ पाठवतो.

नाना रोज उठून बसतात हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आता मी येऊ का?

कमलाकर

*

सोलापूर
२ जून १९७४

चि. कमलाकर,

उत्तराला उशीर झाला. लिहावंसं वाटत नव्हतं.

तुझं सगळं करून पाहिलं. सांधे दाबले, रूळ बदलले, तरी तिथंच थांबतं. मला वाटलं, जर्मनीत बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. मग एक दिवस टेबल पुसताना ते स्टेशन उचलून मी पलीकडच्या बाजूला ठेवलं आणि तसंच राहिलं. कमलाकर, बिघाड स्टेशनाबरोबर सरकला. इंजिन जुन्या जागेवरून सरळ गेलं आणि नव्या जागी, पाटीसमोर येऊन उभं राहिलं.

त्याच दिवशी यांचे जुने फायरमन सिद्रामप्पा होटगीहून भेटायला आले होते. त्यांनी हे पाहिलं आणि म्हणाले, "वैनी, इंजिनात कायबी न्हाय. त्या ठेसनातच कायतरी हाय बगा." मग यांच्याशी खूप वेळ एकटेच बोलत बसले, म्हणजे हे ऐकत होते. जुन्या गोष्टी निघाल्या. एकेरी रूळ, म्हणून स्टेशनमास्तर लाइन क्लियरचा गोळा द्यायचे, म्हणजे पुढची वाट मोकळी. ते तारेचं मोठं कडं आणि त्याला लटकलेली गोळ्याची चामड्याची पिशवी तुला आठवत असेल, तू त्या कड्यात डोकं घालायचास. गोळा हातात आल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही आणि पुढच्या स्टेशनात तो परत द्यायचा. सिद्रामप्पा म्हणाले, "गोळा सायबांनी मला कदी घिऊ दिला न्हाय. म्हणायचे, तू कोळसा बग, हात मी काढतो." बिचारे जाताना डोळे पुसत गेले.

ते गेल्यावर मी एक गोष्ट करून पाहिली. यांना डुलकी लागली होती तेव्हा बटण मी स्वतः फिरवलं. इंजिन पाटीसमोरून न थांबता गेलं, एकदा नाही, किती तरी वेळा. मग हे उठल्यावर इंजिनाकडे न बघता यांच्या हाताकडे बघितलं. शालीखाली यांचीच बोटं, स्टेशन आलं की, बटण शून्यावर आणतात.

म्हणजे इंजिन केव्हाचंच बरं आहे. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला चालला होता. आता मी घाबरले आहे. धावतं इंजिन माणूस उगाच का थांबवेल? मी विचारलं, "का थांबवता?" त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि डोळे मिटले. हातपाय गेले ते मी सोसलं, पण यांचं भानही जात असेल तर मी काय करू? डॉक्टरांना विचारायचं धाडस होत नाही.

येऊ का म्हणून विचारलंस. नको. फोटो अजून उपडाच आहे.

आई

*

न्यूरेंबर्ग
१३ जून १९७४

आई,

मी रूळ, सांधे, तारा सांगत बसलो आणि तू तिकडे एकटी हे सोसत होतीस.

माझ्याजवळ आता कुठलाही उपाय नाही. रजा मिळाली आहे. बॅग भरून ठेवली आहे. लहानपणी गाडी स्टेशनाबाहेर आउटरला थांबली की मी रडायचो आणि नाना म्हणायचे, ओरडून काही होत नाही, आत कुणीतरी कामात आहे, लाइन क्लियर मिळाली की जाऊ. तसा मी उभा आहे, आई. लाइन क्लियर मिळेपर्यंत उभा राहीन. पण फार वेळ ठेवू नका.

कमलाकर

*

सोलापूर
३० जून १९७४

चि. कमलाकर,

हे पत्र घाईत लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझी पत्रं मी यांना गाळून वाचून दाखवते. आजाराचा भाग वगळते, इंजिनाचा वाचते. गेल्या आठवड्यात एका सकाळी तुझं पत्र आलं. हे बटण घेऊन बसले होते आणि गाडी पाटीसमोर थांबलेली होती. पत्र एवढंसं होतं, त्यात इंजिनाचा शब्द नव्हता आणि माझं मन ठिकाणावर नव्हतं. गाळायचं विसरले आणि सगळंच मोठ्यानं वाचलं. लाइन क्लियर मिळेपर्यंत उभा राहीन, इथवर आले आणि यांची मान वळली.

यांनी डावा हात बटणावरून उचलला आणि बाजूला काढला. कोपरात वाकलेला, पंजा उघडा. तसाच धरून ठेवला.

हा हात मी पाहिलेला आहे रे. लग्नानंतर पहिल्यांदा होटगी स्टेशनवर यांचा डबा घेऊन उभी होते तेव्हा गाडी आली आणि इंजिनाच्या दारातून असाच हात बाहेर आला. मला वाटलं, डब्यासाठीच काढलाय, म्हणून मी पुढे झाले. स्टेशनमास्तर हसले आणि त्यांनी त्या हातात कडं अडकवलं. नंतर कितीतरी दिवस हे मला त्यावरून चिडवायचे. म्हणायचे, आमच्या मंडळींनी लाइन क्लियरऐवजी पिठलं-भाकरी देऊन गाडी विजापूरला सोडली असती.

कमलाकर, यांचं भान कुठंही गेलेलं नव्हतं. बेभान आम्हीच होतो. मी पाटीवर होटगी लिहिलं त्या दिवसापासून हा माणूस तिथं येऊन नियमानं गाडी उभी करत होता, आणि मी ती उचलून गोळ्याशिवाय पुढे ढकलत होते. रागानं बघणार नाहीत तर काय? मी ड्रायव्हरची बायको, आणि मला हे कळलं नाही.

उठले. हिरव्या बांगड्यांच्या डब्यातून एक मोठं काकण काढलं. चोळीच्या तुकड्यात एक सुपारी बांधून ती त्याला लटकवली. कडं झालं, पिशवी झाली, गोळा झाला. जवळ जाऊन यांच्या हातात दिलं. काकण मनगटापर्यंत गेलं नाही, चार बोटांत अडकलं. बोटं मिटली. यांनी खाली बघून ती पुरचुंडी अंगठ्यानं चाचपली, आत गोळा खरंच आहे ना, ते पाहिलं. कुणावर विश्वास ठेवतील तर ना!

आता डाव्या हातात गोळा आणि बटण तसंच पडलेलं. मी बटण फिरवायला हात पुढे केला. यांनी मान हलवली. इंजिन परक्यानं हाकायचं नाही. मग ते आपल्या उजव्या हाताकडे बघायला लागले. तो मांडीवर पडला होता, इतके महिने पडला होता तसाच. उशिरा आलेल्या फायरमनकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत होते. बसव्वा दारात येऊन उभी होती. आधी अंगठा हलला. मग तो हात शालीवरून घासत, थांबत, पुन्हा घासत डबीपर्यंत गेला. घाम आला होता यांच्या कपाळावर. बोटं बटणावर पडली, आणि बटण तिळाएवढं फिरलं.

दिवा लागला. दांड्या हलल्या. इंजिन होटगीहून निघालं.

आणि हे म्हणाले, "क्लियर."

शब्द अर्धा तोंडात राहिला, पण तोच होता. मी आयुष्यात देवळं बघितली, तीर्थं केली, पण असं समोर काही घडताना पाहिलं नव्हतं. मी जमिनीवर बसले आणि रडले. बसव्वा म्हणाली, "वैनी, उठा. पुढची फेरी आली की. ठेसनात कोण ऱ्हाईल?"

खरंच, फेरी पुरी झाली आणि गाडी थांबली. यांनी आधी जुना गोळा परत दिला आणि मग नव्यासाठी हात काढला. तेव्हापासून मी होटगीची स्टेशनमास्तर. स्वयंपाक बसव्वाकडून येतो. आज सिद्रामप्पाही येऊन बसले. त्यांना हे कोळसा बघायला सांगतात, नुसत्या भुवईनं. उजवा हात रोज जरा जास्त फिरतो. चेंडू अजून फेकूनच देतात, तो भाग सोड. डॉक्टर म्हणाले, चेंडू राहू द्या, गाडी चालू ठेवा.

आता मुद्द्याचं. काल गाडी धावत होती, स्टेशन लांब होतं आणि यांनी मध्येच काकण माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, अजून होटगी आली नाही. त्यांनी डोळे मिटून नाही म्हटलं आणि हनुवटीनं फळीकडे दाखवलं. तिथं तुझं पत्र होतं, आणि पत्राखाली तुझा उपडा फोटो. मी तो काढून समोर धरला. उपडा केला नाही. खूप वेळ बघितला. मग काकण परत माझ्यापुढे धरलं, जरा जोरानंच, मास्तर ऐकत नसले की धरायचे तसं. हा गोळा तुला द्यायचा होता.

काकण पोस्टात फुटेल म्हणून पुरचुंडी सोडून ती सुपारी पाकिटात घातली आहे. आपल्यात बोलावणं सुपारीनंच करतात आणि यांच्यात गाडी गोळ्यानंच सुटते, दोन्ही एकातच आलं. आता आउटरला उभा राहू नकोस. सुपारी फोडू नकोस आणि हरवू नकोस. गोळा घेणाऱ्यानं तो पुढच्या स्टेशनात परत द्यायचा असतो, हातात हात घालून. हे हात बाहेर काढून बसले आहेत.

आई